मान हलवून पाहायचा कोसा

कोशाची साडी घ्यायला आलेली बाई दुकानात काय करते ते एकदा नीट पाहावं. ती घडी उलगडते, पदर बोटांवर पसरते, दोन पावलं दाराकडे जाते आणि उजेडात मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे झुकवते. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. साडी जागच्या जागी असते, हलते ती फक्त मान. आणि मघाशी मातकट वाटलेल्या कापडावरून सोन्याची एक लाट सरकून जाते. बाईचं मन बसतं ते बहुतेक वेळा त्या लाटेवर.

तीच साडी मोबाइलच्या पडद्यावर पाहिली तर लाट गायब असते. उरतो एक तपकिरी-पिवळा चौकोन. चौकोनाखाली ‘अस्सल कोसा’ असं लिहिलेलं असतं, पण डोळ्याला त्याची काही खूण पटत नाही. यंत्रावर विणलेलं नकली रेशीम आणि भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी किंवा आंधळगावच्या मागावर उतरलेलं कापड फोटोत जवळपास सारखंच दिसतं. फरक किमतीत मात्र मोठा असतो, आणि गिऱ्हाइकाला तो कळेनासा होतो.

भंडारा जिल्ह्याच्या वाट्याला ही अडचण दुहेरी आली आहे. इथल्या कारागिरीची ओळख दोन गोष्टींनी होते: कोसा आणि पितळ. भंडाऱ्याला ‘पितळनगरी’ म्हणतात, गावाच्या नावाचा संबंधही भांड्यांशी जोडला जातो. गुंड, गंज, गडवा, परात ही भांडी घडवणाऱ्या कासारांच्या हाताला इथे मोठी परंपरा आहे. कोसा आणि पितळ या दोन्ही वस्तूंचं सौंदर्य रंगात कमी आणि झळाळीत जास्त आहे. आणि झळाळी ही वस्तूवर चिकटून बसलेली गोष्ट नाही. ती दिवा, वस्तू आणि पाहणाऱ्याचा डोळा या तिघांच्या मधे असते. तिघांपैकी एक जरी हलला तरी ती जागा बदलते. फोटोत तिघेही गोठतात.

म्हणूनच आभासी वास्तव, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, या तंत्रातला एक भाग भंडाऱ्यासाठी विशेष महत्त्वाचा ठरतो. त्याला हेड ट्रॅकिंग म्हणतात. पाहणाऱ्याची मान कुठे आहे, किती झुकली, किती पुढे आली, याचा यंत्राने सतत माग ठेवायचा आणि त्याप्रमाणे पडद्यावरचं चित्र क्षणोक्षणी बदलायचं. त्याला साध्या फोटोंची जोड दिली की महागडं त्रिमिती मॉडेल न बनवताही वस्तू ‘मान हलवून’ दाखवता येते.

आधी डोळ्यांकडे वळू. माणसाच्या दोन डोळ्यांमध्ये साधारण 6 ते 6.5 सेंटिमीटर अंतर असतं. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना जग किंचित वेगळं दिसतं आणि त्या फरकातून मेंदू खोली ओळखतो. इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये आरशांच्या साह्याने हे सिद्ध करून दाखवलं. त्यांच्या उपकरणाचं नाव स्टिरिओस्कोप. दोन डोळ्यांना दोन चित्रं दिली की सपाट कागदावर खोली उभी राहते. पुढे छायाचित्रं आली आणि असे जोडफोटो घरोघरी पाहिले जाऊ लागले.

झळाळीचं कोडं मात्र याहून खोल आहे. 19व्या शतकाच्या मध्यावर जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश डोव्हे यांनी एक गमतीचा प्रयोग केला. एका डोळ्याला पांढरा पृष्ठभाग आणि दुसऱ्याला तोच पृष्ठभाग काळा दाखवला, तर दोन्ही मिळून राखाडी दिसत नाही. तो पृष्ठभाग चकाकतो! दोन डोळ्यांच्या साक्षी जुळल्या नाहीत की मेंदू त्याला ‘चमक’ म्हणतो. घासूनपुसून लखलखीत केलेल्या गडव्यावर नेमकं हेच घडतं. उजव्या डोळ्याला जिथे दिव्याचा ठिपका दिसतो, तिथे डाव्याला नुसतं पितळ दिसतं.

1990 मध्ये अँड्र्यू ब्लेक आणि हाइनरिश ब्युल्टहॉफ या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं की माणसाची दृष्टी या चमकेचं भौतिकशास्त्र जाणते. फुगीर पृष्ठभागावरचा चमकता ठिपका प्रत्यक्षात पृष्ठभागावर नसतो. दोन डोळ्यांनी पाहिलं तर तो पृष्ठभागाच्या मागे असतो. खोलगट पृष्ठभागावरचा ठिपका पुढे येऊन हवेत तरंगतो. म्हणजे गुंडाच्या बाहेरच्या पोटावर पडलेला दिवा गुंडाच्या आत जळताना दिसतो, आणि परातीतला दिवा परातीच्या वर. रोज ही भांडी हाताळणाऱ्याला हे नवं वाटणार नाही, पण त्याने त्याकडे कधी ‘खोली’ म्हणून पाहिलेलंही नसेल. एकाच भिंगाने काढलेल्या फोटोत तो ठिपका पांढऱ्या रंगाचा डाग होऊन भांड्यावर चिकटतो. पितळेच्या भांड्याचे फोटो बऱ्याचदा निर्जीव दिसतात त्याचं हे एक मोठं कारण.

आता मान. डोक्यावर चढवायचं पहिलं संगणकी उपकरण अमेरिकेच्या आयव्हन सदरलँड यांनी 1968 मध्ये जगापुढे ठेवलं. ते इतकं जड होतं की त्याला छतापासून आधार द्यावा लागे, आणि मानेची हालचाल मोजणारा यांत्रिक दांडाही छतालाच जोडलेला होता. दिसायचं काय, तर प्रकाशरेषांनी आखलेल्या साध्या आकृत्या. पण सदरलँड यांनी आपल्या निबंधात जे नोंदवलं ते आजही या क्षेत्राचा पाया आहे: त्रिमितीचा भास होण्यासाठी दोन डोळ्यांना दोन चित्रं देणं महत्त्वाचं आहेच, पण मान हलल्यावर चित्र बदलणं त्याहून महत्त्वाचं. साडी पाहणाऱ्या बाईला हे न सांगता ठाऊक असतं.

या कथेत एक मराठी माणूस फार मोक्याच्या जागी येतो. रमेश रासकर मूळचे नाशिकचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते शिकले, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट केली आणि पुढे एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाले. प्रकाशाच्या प्रवासाचं चित्रण करणारा अतिवेगवान कॅमेरा हे त्यांचं सर्वांत गाजलेलं काम. पण भंडाऱ्याच्या कासाराला आणि कोष्ट्याला उपयोगी पडेल असं त्यांचं काम त्याआधीचं, 2001 सालचं आहे. नाव ‘शेडर लॅम्प्स’.

कल्पना अशी: वस्तूचा पांढरा, कोरा आकार घ्यायचा आणि तिचं रूप प्रोजेक्टरने तिच्यावर टाकायचं. रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताजमहालाची पांढरी प्रतिकृती घेतली आणि प्रोजेक्टरच्या उजेडाने तिच्यावर संगमरवराचं रूप आणि वेगवेगळ्या वेळचा प्रकाश चढवला. त्याच कामात एक फुलदाणीही होती. साधी, पांढरी, अजिबात चमक नसलेली. पाहणाऱ्याच्या डोक्याची जागा यंत्र मोजत होतं आणि त्या जागेवरून चमकेचा ठिपका फुलदाणीवर जिथे दिसायला हवा, नेमका तिथे प्रोजेक्टर तो उमटवत होता. माणूस सरकला की ठिपका सरके. पाहणाऱ्याला वाटे, फुलदाणी चकचकीत आहे. चमक नसलेल्या पृष्ठभागाला झळाळी आली ती केवळ मानेच्या मापातून!

ही फुलदाणी आणि भंडाऱ्याचा गडवा यांच्यात एक उलटं नातं आहे: तिथे आकार होता आणि चमक चढवायची होती, इथे चमक आहे आणि तीच आकार मिळू देत नाही. आज चकाकत्या वस्तूचं त्रिमिती मॉडेल करायचं म्हटलं तर सर्वसाधारण रीत फोटोग्रामेट्रीची. वस्तूचे चहूबाजूंनी फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत तेच तेच बिंदू शोधायचे आणि भूमितीने आकार उभा करायचा. ओबडधोबड दगडाला, कोरीव लाकडाला, मातीच्या मडक्याला ही रीत उत्तम चालते. पितळेवर ती फसते. कारण संगणक ज्या ठळक ठिपक्याला ‘खूण’ समजतो, तो दिव्याचं प्रतिबिंब असतो आणि पुढच्या फोटोत दुसरीकडे गेलेला असतो. शिवाय घासलेल्या गुंडात फोटो काढणारा स्वतः, त्याचा मोबाइल आणि मागची खिडकी असे सगळे दिसतात. यावर उपाय म्हणून मोजणी करणारे लोक वस्तूवर पांढरी भुकटी फवारतात. आकार बरोबर येतो, पण ज्या झळाळीसाठी भांडं दाखवायचं तीच झाकली जाते.

कोशाचीही हीच गत, फक्त कारण वेगळं. कोसा म्हणजे टसर रेशीम, आणि त्याचे किडे तुतीवर वाढत नाहीत. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर, उघड्या जंगलात वाढतात. पूर्व विदर्भाच्या रानांत ही झाडं मुबलक असल्यानेच हा धंदा इथे रुजला. या धाग्याला न रंगवताही मुळातच मधासारखा, तपकिरीकडे झुकणारा सोनेरी रंग असतो आणि त्याचा छेद तुतीच्या रेशमाहून चपटा असतो. त्यामुळे उजेड त्याच्यावरून आरशासारखा लख्ख उसळत नाही, धाग्याच्या अंगाने मंद पसरतो. ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा ठेवला तर धूपछाव मिळते: एका बाजूने ताणा वरचढ दिसतो, दुसऱ्या बाजूने बाणा. ‘या साडीचा रंग कोणता?’ या प्रश्नाला अशा वेळी एक उत्तर नसतंच. फोटो मात्र एकच उत्तर देतो, आणि त्यावरून मागवलेली साडी घरी आल्यावर ‘रंग वेगळा निघाला’ म्हणून परत जाते. दोष विणकराचा नसतो.

करवतकाठी साडीत तर आणखी एक बारकावा आहे. तीन धोटे चालवून तिचे दोन काठ आणि मधलं अंग वेगवेगळं विणतात आणि जिथे काठ अंगाला भेटतो तिथे धागे एकमेकांत अडकवतात. त्यातून करवतीच्या दातांसारखी नक्षी उठते, म्हणून ती करवतकाठी. विदर्भाच्या या विणीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. काठाचा धागा आणि अंगाचा धागा उजेडाला सारखा प्रतिसाद देत नाहीत. मान झुकली की आधी एक उजळतो, मग दुसरा. हाताने अडकवलेली वीण आणि छापलेली नक्षी यांतला फरक डोळ्याला कळतो तो इथे. छापलेल्या नक्षीत सगळे दात एकदम उजळतात आणि एकदम मंदावतात.

मग आकाराचा हट्ट सोडून नुसत्या फोटोंवर भिस्त ठेवली तर? हा विचार जुना आणि फार सुंदर आहे. 1990च्या दशकात ॲपल कंपनीने ‘क्विकटाइम व्हीआर’ आणलं. त्यात वस्तूचे वेगवेगळ्या कोनांतून काढलेले फोटो क्रमाने ठेवलेले असत आणि माउस सरकवला की फोटो बदलत. 1996 मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनरहान यांनी या कल्पनेला गणिताची बैठक दिली, तिचं नाव ‘लाइट फील्ड’. त्यांचं म्हणणं असं की वस्तू कशी आहे हे जाणून घ्यायची गरजच नाही. तिच्यापासून निघणारे किरण कोणत्या दिशेला कसे जातात एवढं टिपून ठेवा. मग डोळा जिथे असेल तिथे पोचणारे किरण निवडून चित्र जोडता येतं. यात झळाळी आपोआप टिकते, कारण ती कुणी ‘समजून’ घेतलेलीच नसते, फक्त टिपलेली असते.

2018 मध्ये गुगलने याचा मोठा प्रयोग लोकांसमोर ठेवला. 16 छोटे कॅमेरे एका कमानीवर बसवले, कमान गोल फिरवली आणि सुमारे 70 सेंटिमीटरच्या गोलावरून एकेका जागेचे हजाराच्या आसपास फोटो घेतले. त्यातलं एक ठिकाण कॅलिफोर्नियातलं, रंगीत फरशांच्या तुकड्यांनी मढवलेलं घर होतं. चष्मा घालून मान हलवली की त्या तुकड्यांवरची चमक खरीखुरी सरकते. त्यानंतर 2020 मध्ये ‘नर्फ’ आणि 2023 मध्ये ‘गॉशियन स्प्लॅटिंग’ या पद्धती आल्या. दोन्हींत थोड्या फोटोंवरून संगणक मधली दृश्यं स्वतः भरून काढतो आणि दोन्हींत एकाच बिंदूचा रंग पाहण्याच्या दिशेप्रमाणे बदलू शकतो. कोशासाठी हेच हवं आहे. आरशासारख्या लख्ख पितळेवर मात्र या पद्धतीही अजून चाचपडतात.

एक फरक इथे समजून घ्यायलाच हवा, कारण वस्तू दाखवताना नेमकी इथेच चूक होते. मान दोन तऱ्हांनी हलते: ती वळते आणि ती सरकते. 2014 चा गुगल कार्डबोर्ड हा पुठ्ठ्याचा चष्मा फक्त वळणं ओळखत असे. डोंगर, किल्ला, मोकळं मैदान पाहायला ते पुरतं. हातभर अंतरावरच्या वस्तूला पुरत नाही. तिथे सरकणं मोजलं गेलं पाहिजे. चष्म्यावरच कॅमेरे बसवून दोन्ही मोजणारी उपकरणं, उदाहरणार्थ 2019 मधलं ऑक्युलस क्वेस्ट, पुढे सर्वसामान्यांच्या बाजारात आली. आणि मान हलल्यापासून चित्र बदलेपर्यंत फार वेळ गेला तर डोकं गरगरतं. हा उशीर साधारण 20 मिलिसेकंदांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो.

चष्मा नसला तरीही काम अडत नाही. 2007 च्या अखेरीस कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या जॉनी ली यांनी खेळण्यातल्या वी रिमोटचा कॅमेरा टीव्हीजवळ ठेवला, डोक्यावर दोन अवरक्त दिवे लावले आणि साध्या टीव्हीची खिडकी करून दाखवली: मान सरकली की पडद्यामागचं दृश्य खरोखर खिडकीतून पाहिल्यासारखं बदले. आज तेवढंही लागत नाही. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चेहरा ओळखतो, डोळ्यांची जागा सांगतो आणि ही मोजणी फोनमध्येच होऊ शकते. चेहऱ्याचं चित्र बाहेर पाठवायचं कारण नाही, आणि कुणी विक्रेता पाठवत असेल तर ते गैरच आहे.

पण उपकरण असून भागत नाही. ॲमेझॉनने 2014 मध्ये ‘फायर फोन’ काढला. त्याच्या दर्शनी भागाच्या चार कोपऱ्यांत चार कॅमेरे होते, सगळे डोक्याचा माग ठेवण्यासाठी. एका बड्या ऑनलाइन दुकानदाराचा फोन, आणि मान ओळखणारा! तरी तो चालला नाही. कंपनीने 17 कोटी डॉलरचा तोटा सोसला आणि पुढच्याच वर्षी तो बंद झाला. फोन महाग होता हे खरं. पण मान हलवून पाहावं असं त्यात फारसं काही नव्हतं, हेही तितकंच खरं. भंडाऱ्याकडे नेमकं ते आहे.

एका साडीसाठी किती फोटो लागतील? हिशेब सोपा आहे. वस्तू अर्ध्या मीटरवर असेल आणि मान 10 सेंटिमीटर सरकली, तर पाहण्याचा कोन सुमारे 11 अंशांनी बदलतो. दर 10 अंशाला एक असे 36 फोटो काढून वस्तू गोल फिरवायची ही नेहमीची पद्धत इथे उपयोगाची नाही. मान हलल्यावर जेमतेम एकदा चित्र बदलेल, तेही धक्का बसून. त्यापेक्षा समोरचा 40 अंशांचाच पट्टा घ्यावा आणि दर अंशाला एक असे 41 फोटो काढावेत. अर्ध्या मीटरवर एक अंश म्हणजे जेमतेम 9 मिलिमीटर, आणि सगळा पट्टा 35 सेंटिमीटरचा. प्लायवूडची तेवढी कमान कुणीही सुतार कापून देईल. तिच्यावर खुणा करायच्या आणि मोबाइल खुणेखुणेने सरकवायचा. चष्म्यातून दाखवायचं तर दोन डोळ्यांतला कोन या अंतरावर सुमारे 7 अंश पडतो, म्हणजे डाव्या डोळ्याला विसावा फोटो दिला तर उजव्याला सत्ताविसावा. मधला फरक मेंदू स्वतःच ‘चमक’ म्हणून वाचतो. एकेक फोटो 150 किलोबाइटचा ठेवला तर सगळं मिळून जेमतेम 6 एमबीच्या आसपास होतं.

यात तीन गोष्टींचं पथ्य हवं. पहिलं, मोबाइलचा उजेड आणि रंग आपोआप ठरवण्याचा गुण बंद करावा. नाहीतर प्रत्येक फोटोत तो झळाळी पुसून टाकतो. दुसरं, चहूबाजूंनी पांढरं कापड लावून उजेड इतका मऊ करू नये की सावल्या आणि ठिपके दोन्ही मरतील. एका बाजूची खिडकी पुरे. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं: कॅमेरा हलवावा, वस्तू नव्हे. गुंड फिरत्या पाटावर ठेवून फिरवला तर तो गोल असल्याने दिव्याचा ठिपका फोटोत एकाच जागी राहतो आणि खालून फक्त ठोक्यांच्या खुणा सरकतात. गिऱ्हाइकाला तो हातात फिरवल्यासारखा वाटेल, पण मान हलवून पाहिल्यासारखा नाही.

स्पर्श यातून पोचत नाही. कोशाचा किंचित खरखरीतपणा आणि पितळेचं वजन कुठलाही चष्मा देऊ शकत नाही. पडद्यापडद्यागणिक रंग थोडा बदलतो तेही राहणारच. पण हाताची वीण कोणती आणि छाप कोणती, ठोक्याचं भांडं कोणतं आणि साच्यातलं कोणतं, हे ओळखण्याइतका पुरावा डोळ्यापुढे ठेवता येतो. नागपूरपासून तासा-दीड तासावरच्या या जिल्ह्यात स्टीलने पितळेची आणि यंत्रमागाने हातमागाची जागा घेतली, ती काही अंशी माल स्वस्त असल्यामुळे आणि काही अंशी फरक दिसेनासा झाल्यामुळे. स्वस्ताईशी कारागीर झगडू शकत नाही. फरक दाखवणं मात्र आता 41 फोटोंचं काम उरलं आहे, आणि जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन व आयटीआयच्या मुलांनी एका सुट्टीत एका विणकराची आणि एका कासाराची कामं अशी टिपून द्यावीत इतकं ते आवाक्यातलं आहे.

तोवर दुरून कोसा मागवणाऱ्यांनी एवढं करावं. एका फोटोवर पैसे पाठवू नयेत. साडी खिडकीजवळ पसरून, मोबाइल डावीकडून उजवीकडे हळू सरकवत व्हिडिओ पाठवा, असं विणकराला सांगावं. आणि तो पाहताना नजर काठ जिथे अंगाला भेटतो तिथे ठेवावी.